भांडण मिटवायला गेलो आणि नाचणी लावून आलो

माझी मुलगी जुन्नरला नववीत आहे. तिच्या बाकावर तळेघरच्या बाजूच्या एका वाडीतली मुलगी बसायची. ती मावशीकडे राहून शिकत होती. जुलैत एका मधल्या सुट्टीत तिने डब्यातून नाचणीची भाकरी काढली आणि आमच्या कन्येने सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारले, "ही गोवरी कुठं थापलीस गं?" वर्ग हसला. किती जणी हसल्या, हे मी नंतर नीट विचारून घेतले. एकतीसपैकी सव्वीस. ती मुलगी शनिवारी घरी गेली आणि आठ दिवस परत आलीच नाही. शाळा सोडते म्हणाली.

आमच्या वेळी अशा गुन्ह्याला दोन छड्या होत्या. पण वर्गाच्या बाई नवी पद्धत शिकून आल्या होत्या. शिक्षा नाही. जिचे मन दुखावले आणि जिने दुखावले, दोघींनी घरच्यांसह गोल बसायचे आणि बिघडलेले कसे सुधारायचे ते ठरवायचे. डस्टर ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचे. चिठ्ठीत लिहिले होते, "सोबत आधार देणारी एक व्यक्ती आणावी." मी आळे गावाहून माझ्या थोरल्या चुलत भावाला, म्हणजे दादांना, आणले. भावकीतली बांधाची चौदा भांडणे त्यांनी मिटवली आहेत. त्यातली अकरा मिटलेली राहिली.

चूक इथेच झाली.

दादांनी डस्टर घेतले ते एकोणीस मिनिटे सोडले नाही. "पावणं, झालं गेलं. लेकरं हायेत. आमी पोरीला साडीचोळी करतो, नारळ देतो. मिटवून टाका."

मुलीचे वडील दोन एसट्या बदलून आले होते. त्यांनाही ही बैठक ओळखीची वाटली. डस्टर घेऊन ते म्हणाले, "साडी नको राव. नववीतली पोर साडी नेसून शाळंत येनार का?"

"मग ड्रेस."

"ड्रेसचं आमच्या माणसांना इचारावं लागंल."

मग दादांनी आपल्या मेहुण्याची सोयरीक त्यांच्या शेजारच्या गावात असल्याचे शोधून काढले. चहा आला. पस्तिसाव्या मिनिटाला प्रकरण मिटले आणि दादांनी पाहुण्यांपुढे तंबाखूची पुडी धरली. बाईंनी पुडी जप्त केली.

"भाऊ, मुली अजून बोलल्याच नाहीत," त्या म्हणाल्या.

"पोरी काय बोलनार?"

बाईंनी डस्टर मागून घेतले आणि त्या मुलीच्या हातात दिले. ती बराच वेळ त्यातली खडूची पूड झटकत राहिली. मग म्हणाली, "हिनं एक दिस आमच्यात येऊन नाचणी लावावी. मग मी बघीन, यायचं का न्हाई."

"येते," आमची कन्या म्हणाली. तिच्या हातात डस्टर नव्हते, पण बाईंनी चालवून घेतले.

"एकटीनं काय व्हतंय," त्या मुलीचे वडील म्हणाले. "बापालाबी आना."

दादांना रविवारी आळ्यात महत्त्वाचे काम निघाले. आम्ही बापलेक गेलो. एसटीतून उतरून चार हजार एकशे पावलांचा चढ. रोपांचे अंतर मोजायला मी नऊ-नऊ इंचांवर गाठी मारलेली दोरी नेली होती. दुपारपर्यंत माझ्या दोन ओळी झाल्या, अगदी सरळ. मुलीच्या आईचा तेवढ्यात अर्धा तुकडा लावून झाला होता.

"पावणं, नाचणीची हजेरी घेताय का?" आई म्हणाली.

मुलगी फिस्सकन हसली. आमची कन्या दोनदा चिखलात बसली होती, तीही हसली. हसता हसताच रोपांची जुडी पुढे करत म्हणाली, "मी गोवरी म्हणाले ते चुकलं."

"व्हय, चुकलं," मुलगी म्हणाली आणि जुडी घेतली.

जेवायला नाचणीचीच भाकरी होती. कन्येने अडीच खाल्ल्या. पश्चात्तापाने नव्हे, भुकेने.

मुलगी आम्हाला एसटीपर्यंत सोडायला आली. "उद्या येशील ना?" कन्येने विचारले. गाडी दिसल्यावर मुलगी म्हणाली, "लावनी तीन दिस राह्यलीय. गुरुवारी येते. पन खिडकीकडंची बाजू माझी."

"घे," कन्या म्हणाली. घरात ती टीव्हीचा रिमोटसुद्धा कुणाला देत नाही.

गुरुवारी सव्वाअकराला मला राहवले नाही. बाईंना फोन केला.

"आलीय," बाई म्हणाल्या. "आता दोघींना वेगळं बसवावं लागणार. तास चालू देत नाहीत."