तीन मजले, तीन चिठ्ठ्या

एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या कॉलनीत कुरडया वाळत घालण्याआधी बायका चिमणीकडे बघायच्या. धूर कुठे वळलाय, त्यावर वाळवण कुठे घालायचं ते ठरायचं. वारा फिरला की राखेची बारीक पूड कुरडयांवर बसे आणि सकाळपासूनचा खटाटोप वाया जाई. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही तीन शेजाऱ्यांनी मिळून नाशिकरोडला प्लॉट घेतला, त्यामागे ही राखही होती.

घर तीन मजली. तळमजला, पहिला, दुसरा. लिफ्ट नाही. खर्च तिघांचा सारखा, आणि कुणी कुठे राहायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, असं पाया खणतानाच ठरलं होतं. तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. पण भिंती उभ्या राहीपर्यंत आमच्या शेजारणीच्या सासऱ्यांना, दादांना, अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली, जिना चढणं संपलं. तरी ‘तळमजला तुम्हीच घ्या’ असं कुणी म्हणालं नाही. तळमजल्याला अंगण होतं आणि नळाला पाणी तिथेच जोरात येणार होतं. अंगण मलाही हवं होतं.

चिठ्ठ्यांच्या दिवशी भिंतींना प्लास्टर अजून व्हायचं होतं. खाली सिमेंटच्या रिकाम्या गोण्या अंथरून आम्ही सगळे बसलो. देवाचा फोटो विटांवर ठेवला, त्यापुढे स्टीलची वाटी, वाटीत सारख्या कागदाच्या, सारख्या घड्यांच्या तीन चिठ्ठ्या. तिसऱ्या कुटुंबातले गृहस्थ आमच्यात वयाने मोठे. कॉलनीच्या गणपतीत हाऊजीचं बक्षीस बरेचदा त्यांनाच लागायचं, म्हणून सगळे त्यांना हाऊजीवाले म्हणत. त्यांनी बाह्या वर केल्या.

“मोठा मी. पहिला हात माझा.”

“वा! पहिल्याला तीन चिठ्ठ्यांतून निवडायचं आणि शेवटच्याला उरलेली?” माझा नवरा म्हणाला. “हा कुठला न्याय?”

“हाताला यश आहे माझ्या. त्याला काय करू?”

शेजारीण माझ्याकडे सरकली. “वहिनी, आमची शेवटी राहिली तर काही खरं नाही ना?”

मी दहावीच्या मुलांना गणित शिकवत असे. असल्या वादात मला बोललेलं पटत नाही, लिहिलेलं पटतं. पर्समधला खडू काढला आणि समोरच्या भिंतीवर लिहायला लागले. तळाला हाऊजीवाले, मग पहिल्यावर आम्ही, दुसऱ्यावर शेजारी, किंवा त्याच्या उलट. झाल्या दोन ओळी. तळाला शेजारी, पुन्हा दोन. तळाला आम्ही, पुन्हा दोन.

“या सहा ओळी. सातवी कुणाला सुचत असेल तर सांगा,” मी म्हणाले. “चिठ्ठ्या सारख्या आहेत, म्हणजे सहाही सारख्याच शक्य. आधी कुणीही उचला, यातलीच एक घडणार. आणि प्रत्येकाला तळमजला दोनच ओळींत आहे. मोजा.”

हाऊजीवाल्यांनी बोट ठेवून मोजलं. शेजारणीनेही मोजलं, पण तिने उरलेल्या ओळी मोजल्या.

“म्हणजे सहातल्या चार ओळींत दादांना जिना.”

“हो.”

“मी समजत होते, तळमजला येईल नाहीतर नाही येणार. निम्मं-निम्मं.”

“वर्गातली मुलंही हेच लिहितात,” मी म्हणाले.

शेजारीण पुढे झाली आणि वाटीवर पालथा हात ठेवला. “मग मी आत्ताच बोलते. चिठ्ठी उघडल्यावर मागितलं तर ते उपकार मागणं होईल. तळमजला आम्हाला द्या. गच्चीवरचा आमचा हक्क सोडला. अंगण तिघांचं, गाड्या लावा, झाडं लावा.”

“असं कसं? ठरलं ते ठरलं,” हाऊजीवाले म्हणाले.

“थांबा हो,” त्यांची बायको म्हणाली. “गच्ची कुणाची मग?”

“वरच्या मजल्याची,” शेजारीण म्हणाली.

“मग वरचा मजला आमचा.”

“अगं पण जिना...”

“डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ना? चढा.” ती माझ्याकडे वळली. “मॅडम, तुमचं वाळवण माझ्या शेजारी. राख नाही, काही नाही.”

मी खडूने एकेक ओळ खोडत गेले. एकच उरली. तिच्यात आम्ही पहिल्या मजल्यावर होतो. मला कुणी विचारलं नव्हतं, पण अंगणात कढीपत्ता लावता येणार होता. मी हात झटकले.

हाऊजीवाल्यांना राहवेना. “ठरलंच आहे, तर बघू तरी,” म्हणत त्यांनी एक चिठ्ठी काढून उघडली.

तळमजला.

“बघितलंत? मी काय म्हणत होतो!” त्यांचा आवाज चढला. “छे, छे. आता पुन्हा विचार करायला हवा.”

शेजारणीचा चेहरा उतरला.

“सहातल्या दोन ओळींत ते होतंच,” मी म्हणाले. “हाताचा काही संबंध नाही.”

त्यांच्या बायकोने चिठ्ठी त्यांच्या बोटांतून काढून घेतली आणि शेजारणीच्या हातात दिली. “ही तुमची. आणि तुम्ही चला वर. गच्चीवर ऊन कुठून येतं ते बघायचंय मला.”

ते गेले. अर्ध्या जिन्यात दम खायला थांबल्याचं खालपर्यंत ऐकू आलं.

शेजारणीने चिठ्ठी फाडून टाकली आणि गवंड्याला हाक मारली. दाराचा उंबरठा तिने त्याच दिवशी काढायला लावला. राहायला आलो तेव्हा दादांची चाकांची खुर्ची रस्त्यावरून थेट आतल्या खोलीत गेली, कुठे उचलावी लागली नाही.