काढ्याला औषध कोण म्हणतं?

"इट्स गाऊट," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मला दुखण्याआधी नावाचाच राग आला. हा दारू ढोसून मटण हाणणाऱ्यांचा आजार, असं मी आयुष्यभर ऐकत आलो होतो. मी एकाहत्तर वर्षांचा. नागपूरला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो आणि आता अमेरिकेत चँडलरला मुलीकडे राहतो. अंडं घातलेला केकही मी कधी तोंडात घातलेला नाही.

बाईंनी शांतपणे समजावलं. रक्तातलं युरिक अॅसिड वाढलं की त्याचे सुईसारखे बारीक स्फटिक सांध्यात साचतात. वाढतं वय, मंदावलेली किडनी, बीपीची गोळी, यानेही ते वाढतं. "यू डोन्ट हॅव टू ईट मीट," त्या म्हणाल्या.

उजव्या पायाचा अंगठा वांग्यासारखा जांभळा आणि चकचकीत झाला होता. चादर टेकली तरी ओरडावंसं वाटे. पुढे सूज उतरू लागली तसे कातडीचे पापुद्रे सुटायला लागले. मोज्यांतून ते झटकताना मला माझ्याच पायाची शिसारी आली.

कोल्चिसिन नावाची गोळी मिळाली. ही गाऊटची सूज आणि ठणका उतरवते. तिने ठणका कमी केला, पण पोट असं बिघडलं की एकदा बाथरूम गाठण्याआधीच पायजमा भरला. सात वर्षांची नात इरा हॉलमध्येच खेळत होती. मी भिंतीला धरून उभा राहिलो आणि तिला सांगितलं, "तू आत जा." त्या दिवशी मी ती गोळी कोणाला न सांगता बंद केली. खरं तर तेव्हाच फोन करायला हवा होता.

त्याऐवजी मी नागपूरहून आणलेल्या, आधीपासूनच अधूनमधून घेत असलेल्या दुखण्याच्या गोळ्या काढल्या. आणखी काही औषधं घेता का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं. मी "नथिंग" म्हणून मोकळा झालो होतो. मुलगी मृण्मयी ऑफिस सोडून मला घेऊन आली होती, तिला आणखी व्याप नको, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे उलटतपासणी नको होती.

मंदिरात भेटणाऱ्या एका गृहस्थांनी चिनी वैद्यबाईंचं नाव सांगितलं. "अहो, आपल्या आयुर्वेदासारखंच! झाडपाला. साइड इफेक्ट शून्य." बाईंनी जीभ पाहिली, दोन्ही मनगटांची नाडी पाहिली. माझा लगेच विश्वास बसला. उकळून घ्यायला पुड्या मिळाल्या.

त्या काढ्याच्या वासाने घर भरून जाई. ओल्या गोणपाटासारखा कुबट, वर कडू वाफ. "ईऽऽव, आजोबा, इट स्मेल्स लाइक फीट!" इरा नाक दाबून म्हणायची. मी मागच्या अंगणात शेगडी मांडली. पुडीत चपट्या, करड्या तपकिरी पट्ट्या असायच्या. दालचिनीसारखी कसली तरी साल असेल, अशी माझी समजूत. कस वाया जायला नको म्हणून काढा गाळल्यावर मी त्या चघळायचो.

तिसऱ्या आठवड्यात उलट्या सुरू झाल्या, लघवी कमी झाली, चेहरा सुजला. इमर्जन्सीत नेलं. मागून उघडा राहणारा गाऊन, हाताला सलाइन, लघवी मोजायचं भांडं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्त किती साफ करते त्याचा अंदाज देणारा रक्तातला घटक, फार वाढलेलं आलं. तिथले डॉक्टर म्हणाले, "दोन-तीन दिवसांत आकडा उतरला नाही तर डायलिसिसचा विचार करावा लागेल." मृण्मयी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. आठवड्यातून तीनदा मला मशीनला नेणं कोणाच्या वाट्याला येणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

तेव्हा मी तोंड उघडलं. ती घरी जाऊन गोळ्या आणि पुड्या घेऊन आली. पुडीवरचं नाव फोनवर शोधता शोधता थांबली.

"बाबा, ही साल नाहीये."

"मग?"

"अर्थवर्म. वाळवलेलं गांडूळ."

मला भडभडून आलं. ओकण्यासारखं पोटात काही उरलं नव्हतं, तरी ओकारी थांबेना. दातांत ते मऊ चिवट काहीतरी अडकल्याचं आठवत राहिलं. नर्सने तीनदा तोंड धुवायला पाणी दिलं.

डॉक्टर म्हणाले, "कशाने झालं ते मी नक्की सांगू शकत नाही. पेनकिलर किडनीला बाधते. काढ्याचा किती वाटा आहे ते माहीत नाही. पण तुम्ही आम्हाला काही कळूच दिलं नाहीत." चौथ्या दिवशी क्रिएटिनिन उतरायला लागलं. डायलिसिस टळलं.

बरं वाटल्यावर मी मृण्मयीला त्या चिनी बाईंकडे गाडी घ्यायला लावली. शाकाहारी माणसाला गांडूळ चारलं म्हणून चार शब्द सुनावायचे होते. मी तावातावाने बोललो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, फाइल काढली आणि माझा पहिल्या दिवशीचा फॉर्म समोर ठेवला.

इतर औषधं: निल. किडनीचा त्रास, बीपी: नो. काय खात नाही: त्यापुढे नुसती रेघ. अक्षर माझंच होतं. घाईघाईने भरलेलं, फॉर्म म्हणजे नुसती कटकट समजणाऱ्या माणसाचं. गांडुळाची किळस तोवर होतीच. आता त्याहून जास्त किळस मला त्या माझ्याच अक्षराची आली.

"बीपी आणि गोळ्या कळल्या असत्या तर मी तुम्हाला डॉक्टरांची चिठ्ठी आणायला सांगितलं असतं," बाई म्हणाल्या. "आता मी काहीही देणार नाही. हे पुन्हा भरा आणि तुमच्या डॉक्टरांना नेऊन दाखवा."

आता रोज अॅलोप्युरिनॉलची गोळी घेतो. ती युरिक अॅसिड कमी ठेवते. चिनी बाईंनी मला डॉक्टरांकडे परत पाठवलं, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. तुमच्या घरात माझ्यासारखा कोणी असेल तर काढा, चूर्ण, लेप, कोणी आणून दिलेली गोळी, सगळं डॉक्टरांपुढे मांडायला लावा, तो कितीही चिडला तरी.

त्या दिवशी चिनी बाईंसमोरच मी पेन घेऊन लिहायला बसलो. बीपीची गोळी. दुखण्याची गोळी, कधी दोन, कधी तीन. त्रिफळा. गुग्गुळ. झोपेसाठी मित्राने दिलेली पुडी. "बाबा, हे पण?" मृण्मयी मागून वाचत होती. कागदावरची जागा संपली. बाईंनी दुसरा कागद पुढे सरकवला.