टीव्हीला कुलूप होतं तरी

भुताखेतांच्या गोष्टी मला कधी पटल्या नाहीत. भुसावळजवळच्या दीपनगरला, वीज केंद्राच्या कॉलनीत राहायचो आम्ही. आजूबाजूला अंधार झाला तरी आमच्याकडे लख्ख दिवे! तिथे कसली आलीत भुतं? पण सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास जे झालं ते सांगते... हसायचं तर हसा.

आमचा टीव्ही लाकडी शटरचा होता, शटरला कुलूप. सात वर्षांची वैशाली त्याच्यापुढून हलायची नाही — शेतीचा कार्यक्रमसुद्धा डोळे फाडून बघायची. ह्यांना म्हटलं, जरा रागवा तिला. तर म्हणाले, "टीव्ही मी आणला. पोरीला आवरायचं तू बघ." म्हणजे कौतुक बापाचं आणि कटकट आईची! चिडून मी शटर ओढलं, कुलूप घातलं आणि किल्ली कंबरेला खोचली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आली ती बंद शटरपुढे मांडी घालून बसली. टक लावून बघतेय, मध्येच हसतेय. म्हटलं, नाटकं! पण रोज तेच चाललं, पोरगी जेवेनाशी झाली, तेव्हा माझ्या जिवाला घोर लागला. पोळी तव्यावर टाकून मी बाहेरच्या खोलीत डोकावायची. पोळी करपायची.

एका संध्याकाळी ताट घेऊन गेले तर म्हणाली, "नको. मी आठ वाजता जाणार आहे."

"कुठे?"

"आत. ती बोलावते."

"कोण ती?"

"तूच. पण ती ओरडत नाही."

अस्सा राग आला! तरी आवाज खाली ठेवून विचारलं, "काय म्हणते ती?"

"आठे ये, माय, आठे ये."

ताट मी तिथेच खाली ठेवलं. मी पिंपळनेरची. आमच्या अहिराणीत 'आठे' म्हणजे 'इथे'. कॉलनीतली पोरं वैशालीला हसतील म्हणून मी ती बोली घरात कधी काढलीच नव्हती. तिला बिचारीला वाटत होतं, आठ वाजता बोलावलंय... आणि आठ वाजायलाच आले होते.

काय सुचलं कोण जाणे, मी दारापाशी खाली बसले आणि हात पुढे केले. "आठे ये वं माय. मी आठे शे. आठे ये."

वैशालीनं माझ्याकडे बघितलं, मग शटरकडे, पुन्हा माझ्याकडे. रडकुंडीला येऊन म्हणाली, "दोघी एकदम नका ना बोलू!"

मला फक्त माझाच आवाज ऐकू येत होता. मी बोलतच राहिले. शेवटी ती उठली आणि माझ्या कुशीत येऊन पडली.

हे म्हणतात, तिनं कुणाकडून तरी ऐकलं असेल. असेलही. मला मात्र आजवर याचा उलगडा झालेला नाही. वैशालीला आता काही आठवत नाही. पण अजूनही कधी मी हाक मारते, ती 'ओ' देते आणि भलतीकडेच बघते... तेव्हा ती 'ओ' कुणाला दिली, हे विचारायची माझी छाती होत नाही.