वांग्याची साल आणि माझी रक्तवाहिनी

तमाम खान्देशवासीयांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते, की गेल्या बुधवारी सकाळी जळगावच्या एका दवाखान्यात प्रस्तुत लेखकाचे अंतःकरण प्रत्यक्ष आतून पाहण्यात आले.

झालं असं, की जिना चढताना माझी छाती भरून यायला लागली. अँजिओग्राफी झाली. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "अडथळा थोडासाच आहे. पण एका जागी मला आतून बघायचंय."

'थोडासाच' ऐकून बायकोने हात जोडले. मी मात्र नाही जोडले. हा शब्द आमच्या घरात आधी एकदा येऊन गेला होता.

माझे थोरले भाऊ, आमचे नाना, धुळ्याला असत. तीन वर्षांपूर्वी त्यांचीही अँजिओग्राफी झाली, अडथळा थोडासाच निघाला आणि त्यांनी फोनवर गर्जना केली, "रस्ता बठ्ठा मोकळा शे! आते लई ये वांगा!"

म्हणजे भरीत पार्टी! हृदय ठीक असल्याचा आनंद तेलात पोहणाऱ्या भरताने साजरा करणारी माणसं आमच्याकडेच सापडायची.

अमळनेरजवळच्या आमच्या शेतात दर हिवाळ्यात ही पार्टी व्हायची. असोद्याची वांगी आणायचं काम माझं, टोचायचं नानांचं. जाळात घालण्याआधी प्रत्येक वांग्याला सुरीचं टोक लावायचं, नाहीतर आतली वाफ साल फोडते. वरून सगळी सारखीच तुकतुकीत. पण नाना नुसता अंगठा फिरवून पातळ सालीचं वांगं ओळखत आणि सांगत, "यानी साल पातय शे. हाई फुटी!"

एकदा टोचायचा मान मला मिळाला आणि नेमकं एक वांगं राहून गेलं. ते धडाडकन फुटलं, ते थेट नानांच्या नव्याकोऱ्या पांढऱ्या लेंग्यावर. त्यानंतर येणाऱ्या-जाणाऱ्याला ते माझी ओळख करून देत, "हाऊ मना धाकला भाऊ. बॉम्ब बनाडस!"

'रस्ता मोकळा'च्या त्या पार्टीनंतर दोन महिन्यांनी, सकाळी दाढी करता करता नाना गेले. हार्ट अटॅक. आम्ही फाईल पुन्हा पुन्हा वाचली. अडथळा थोडासाच होता.

तेव्हापासून हिवाळ्यात बाजारात वांगी दिसली की मी अंगठा फिरवतो आणि परत ठेवून देतो.

हे सगळं मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अँजिओग्राफीत रक्ताची वाट दिसते, भिंत नाही दिसत. भिंतीत मऊ चरबी साठते, वर पापुद्रा असतो. तो पातळ असला तर फुटू शकतो. मग तिथे गुठळी होते आणि मोकळी वाट एका क्षणात बंद."

"नानांचं हेच झालं असेल?"

"असू शकेल. आता नाही सांगता येणार. तुमचं मात्र बघता येईल."

टेबलावर मी पूर्ण शुद्धीत होतो. मनगटातून बारीक नळी आत गेली, तिच्या टोकाशी उजेड. पडद्यावर एक गोल चकती उमटली, तपकिरी-सोनेरी, भाजलेलं वांगं आडवं कापल्यासारखी. मॅडम एकेक चकती पुढे सरकवत होत्या. एका चकतीवर थांबल्या. जाळाशेजारी एखाद्या वांग्यावर नानांचा अंगठा असाच थांबायचा.

"इथे चरबी आहे," त्या म्हणाल्या, "पण वरचा थर चांगला जाड आहे. स्टेंटची गरज नाही. गोळ्या चुकवायच्या नाहीत, आणि भरतात तेल कमी!"

आभाराचं छोटंसं भाषण मी घरूनच तयार करून आणलं होतं, चांगल्या शुद्ध मराठीत. पण त्या पडद्यावर माझी नजर खिळली होती. तोंड उघडलं आणि घरच्या बोलीत भलतंच बाहेर पडलं:

"मॅडम, आते आमना नानानं बी देखी ल्या ना!"