उलटीकडून वाचलेली आठ पानं

भाऊकाकांनी माझी पानं सांडलेल्या आमटीत फेकली आणि माझ्या बाबांना म्हणाले, "ह्यानंच पुसून घ्या."

बाबा खाली बसले. पुसायला लागले.

अमेरिकेत, ईडन प्रेरी गावातल्या शाळेचं कॅफेटेरिया. मराठी मंडळाचा गणपती. मी सोळा वर्षांची. भाऊकाका मंडळाचे अध्यक्ष, मोठ्या कंपनीत डायरेक्टर, कमरेला रेशमी सोवळं. आणि ती पानं म्हणजे माझी पहिली गोष्ट. मांगा. जपानी धाटणीची चित्रकथा, निब शाईत बुडवून काढलेली, उजवीकडून डावीकडे वाचायची. मंडळाच्या स्मरणिकेसाठी दिली होती. मूर्ख होते मी. वाटलं होतं, कौतुक करतील.

गोष्ट माझ्या आजोबांची. गावात ते मेलेली जनावरं ओढायचे, सोलायचे. पहिल्या पानावर त्यांनी सुरा उगारलाय, समोर मेलेली म्हैस. मधल्या पानांत पाटील त्यांना लाथा घालतो. शेवटच्या पानावर आजोबा सुरा पाटलाच्या पायाशी ठेवतात आणि गाव सोडतात. हे मला आजीनं फोनवर सांगितलं होतं. घरात कुणी बोलायचं नाही. बाबांनी आडनाव बदललं होतं. निळ्या कोटातला फोटो बेडरूमच्या क्लोजेटमध्ये, कपड्यांच्या मागे.

भाऊकाकांनी पानं डावीकडून उघडली. म्हणजे शेवटापासून. आधी पाटलाच्या पायाशी सुरा. मग लाथा. मग आजोबांचा उगारलेला हात. म्हैस त्यांना दिसलीच नसावी. चेहरा पांढराफटक पडला त्यांचा.

"हे काय आहे? मर्डर?" मग बाबांकडे वळले. "तुम्ही नक्की कुठले हो?"

"नागपूरचे," बाबा म्हणाले.

"ते माहितीये. त्याआधी कुठले? मूळ आडनाव काय?"

  भाऊकाकांच्या बायकोनं माझ्या आईच्या हातातलं नैवेद्याचं ताट काढून घेतलं. "राहू दे गं, तू प्लेट्स लाव."

"तरीच," भाऊकाका म्हणाले. "रक्त जातंय कुठे?" वाढताना कुणाच्या तरी हातून जमिनीवर आमटी सांडली होती. पानं त्यात गेली.

आजोबांचं तोंड आमटीत विरघळत होतं आणि त्यावरून त्यांच्याच मुलाचा हात फिरत होता. मी टेबलावरच्या पातेल्यातला डाव उचलला आणि भाऊकाकांच्या तोंडावर मारला. सगळी ताकद लावून. दात ओठात घुसला. सोवळ्यावर रक्त ओघळलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. दुसऱ्यांदा उचलला तेव्हा बाबांनी कानाखाली जाळ काढला. माझ्या. त्यांच्या नाही.

ओली पानं छातीशी धरून मी घरी आले.  वाटेत मी एकच विचार करत होते, पानं बघून हा माणूस एवढा घाबरला का? मग कळलं. उलटीकडून वाचलं की माझे आजोबा सुरा खाली ठेवत नाहीत. उचलतात. भाऊकाकांनी गोष्ट बरोबर वाचली होती. मीच ती मिळमिळीत काढली होती.

पुढे वर्षानुवर्षं मी तीच गोष्ट काढत राहिले. दिवसा कॉफी शॉपमधल्या लोकांचे कप धुवायचे, उरलेल्या वेळात छोट्या छोट्या कथा. माणसं वेगळी, गावं वेगळी, लाथा त्याच. छापायला पाठवलेल्या कथा परत यायच्या. एका संपादक बाईंनी कळवलं, हिंसा फार आहे, थोडी आशा घाला. मी आणखी शाई घातली.

आता माझी पुस्तकं खपतात. म्हणून प्रकाशकाला त्या सुरुवातीच्या कथांचा संग्रह हवाय. मंडळालाही मी प्रमुख पाहुणी म्हणून हवी आहे. 'आपल्या मंडळाची लेक' म्हणे! आणि बाबांचा फोन आला.

"बेटा, छाप तू. पण जुनं आडनाव नको लावू. तुझ्या भावाचं लग्न जमतंय."

"लावणार," मी म्हटलं. फोन त्यांनी ठेवला.

कव्हरवर आजोबांचं आडनाव आहे. पहिली गोष्ट तीच, आमटीच्या डागांसकट, भाऊकाकांनी वाचली त्याच क्रमानं. आणि मंडळात मी जाणार आहे. भाऊकाका पहिल्या रांगेत असतील, ओठावर व्रण असेल. स्टेजवरून मोठ्या पडद्यावर त्यांना एकेक पान दाखवणार आहे. सुरा पाटलाच्या पायाशी पडलाय. आजोबा वाकतात. उचलतात.

ह्यापुढे माझ्या कुठल्याच गोष्टीत तो कुणाच्या पायाशी ठेवला जाणार नाही.