तिसऱ्या नंबराचा बोया

हर्णेचा संध्याकाळचा मासळी लिलाव बघायचा म्हणून पनवेलहून रात्रीची गाडी धरली. उतरायचं होतं खेडला. डोळा लागला आणि जाग आली ती थेट रत्नागिरीत. तुम्ही जाणार असाल तर शेजाऱ्याला सांगून झोपा.

लिलाव मिरकरवाड्यालाही होतो म्हणून रिक्षानं बंदरावर गेलो. जुन्या चपला घाला, बर्फाचं पाणी आत जातं. हसनचाचा सुरमईचा लिलाव पुकारत होते. दर बोलीनंतर माल कुणाचा, भाव कुठवर आला, हे पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. म्हटलं, एवढं कशाला?

“मागून आलेल्याला कळाया नको? नाय कळलं तर तो उभा कशाला राहील?”

नऊला ते निघाले. खांद्यावर जाळी तरंगवायच्या बोयांची माळ. “शाळांचे खेळ हायत, मी पुकारणार. येतोस?” हर्णे राहिलं बाजूला.

मैदानावर चार शाळा. इकडे लांब उडी, तिकडे गोळाफेक, मधे धावणं. खेळाच्या शिंदेबाईंनी चाचांना मुद्दाम बोलावलेलं. “लोक आपलं पोर धावलं की घरी जातात,” त्या म्हणाल्या. “कुठली शाळा पुढे आहे, कुणालाच कळत नाही. गेल्या वर्षी रिलेला मैदानात आम्ही आणि कुत्री.”

मग चार खांबांना लाल, निळी, पिवळी, हिरवी अशा चार दोऱ्या बांधल्या, प्रत्येक शाळेची एक. पहिल्या नंबराला पाच बोये, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला एक. प्रत्येक स्पर्धेनंतर शाळेच्या दोरीत बोये ओवायचे आणि चाचांनी चारही शाळांचा हिशोब पहिल्यापासून पुकारायचा.

मी वडापाव घेऊन बसलो (पंधरा रुपये, चटणी जहाल). शेजारी आतल्या गावातले एक शेतकरी, पायाशी पिशवी. त्यांची वंदना निळ्या शाळेकडून आठशे मीटर धावणार होती.

“पयली आली तर ठीक,” ते म्हणाले. “नायतर आजपास्नं मैदान बंद. घरात कामं काय थोडी हायत?”

वंदना तिसरी आली. पुढच्या दोघी पिवळ्या आणि हिरव्या शाळेच्या. काकांनी पिशवी उचलली.

“वंदना, तिसरी, एक बोया,” चाचांचा आवाज आला. “हिरवे दहा, पिवळे अकरा. लाल एकवीस, निळे होते वीस, आता एकवीस. उरली फक्त रिले. लाल-निळे बरोबर, एक वार...” सवयीनं ‘दोन वार’ही गेलं. लोक हसले, पण उठलं कुणी नाही.

काका उभेच. मला म्हणाले, “म्हंजे ती नसती तर आपण मागं?”

“एकानं.”

ते बसले. रिलेला तर बाकावर उभे राहून ओरडले. निळे तरीही हरले, लाल अर्ध्या पावलानं पुढे.

वंदना खाली मान घालून आली. बाबा काय बोलणार ते तिला ठाऊक होतं. काका निळ्या दोरीपाशी गेले, शेवटचा बोया चाचपला.

“हा तुजा ना गो? आणि दुसरीला किती?”

“तीन.”

“मग म्होरल्या साली तीन आण,” म्हणत त्यांनी तिची पिशवीही आपल्याच हातात घेतली.

घरी आल्यावर मित्रांनी विचारलं, हर्णे कसं आहे? ते मला अजून माहीत नाही. मासळीचा एकही फोटो नाही. एकच काढलाय, चार दोऱ्यांचा. त्यात निळ्या दोरीच्या टोकाचा बोया कुठला, ते मात्र मी बघणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यापासून सांगतो.