सोमवारपर्यंत थांबूया

"तुमचं एएमएच कमी आहे," हे मला कळलं तेव्हा खोलीत डॉक्टर नव्हते. राणिया होती. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली, आकड्याजवळ बोट ठेवलं आणि मी काही बोलते का, याची वाट पाहत बसली. मी म्हटलं, "ओके." ऑफिसात टाइल्सची एखादी ऑर्डर रद्द झाली की मी ज्या सुरात ओके म्हणते, अगदी त्याच सुरात.

एएमएच ही साधी रक्ताची तपासणी असते. अंडाशयात स्त्रीबीजांचा साठा किती उरला आहे, याचा तिच्यावरून अंदाज येतो. त्या साठ्याला ओव्हेरियन रिझर्व्ह म्हणतात. माझ्या वयाच्या मानाने तो फारच कमी होता. "याचा अर्थ मूल होणारच नाही असा नाही," राणिया म्हणाली, "पण हबीबती, आपल्याकडे वाया घालवायला वेळ नाही."

माझा नवरा नितीन शेजारच्याच खुर्चीत होता. त्याने एकच प्रश्न विचारला. "डॉक्टर कधी भेटतील?"

हे मी मुद्दाम पहिल्यांदा सांगतेय, कारण पुढे जे झालं ते या प्रश्नातून झालं. तुमच्यापैकी कुणी या वाटेवर असेल, तर तोही हाच प्रश्न विचारणार. आपण सगळेच विचारतो.

राणिया नर्स प्रॅक्टिशनर होती. आपल्याला सिस्टर माहीत असतात, हे पद वेगळं. नर्सिंगनंतर बरीच वर्षं पुढचं शिक्षण घेतलेली ही माणसं रुग्णाला तपासतात, सोनोग्राफी करतात, औषधांचा डोस ठरवतात आणि गरज पडली की डॉक्टरांना बोलावतात. पहिल्या दिवशी माझी सगळी माहिती ज्याने विचारून घेतली, तो फिजिशियन असोसिएट होता, म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्ण तपासणारा सहकारी. मोठे डॉक्टर मुख्यतः ऑपरेशन थिएटरमध्ये. त्यांची स्वतःची ओपीडी सोमवारी आणि बुधवारी. बाकीचे दिवस ते अबुधाबीच्या शाखेत. आमच्या क्लिनिकची पद्धतच तशी होती.

नितीन राणियाला सिस्टर म्हणायचा. ती हसून म्हणायची, "मला तीन भाऊ आहेत, तेवढे पुरे झाले." ती जॉर्डनची, म्हणून ते हबीबती, म्हणजे अरबीत लाडके. तिची जीभ तिखट होती पण हात हलका होता.

आयव्हीएफच्या पहिल्या वेळी मी बीजं वाढवायला पोटात इंजेक्शनं घेतली. कशी घ्यायची ते राणियाने शिकवलं, नितीनलाही शिकवलं. जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या फ्लॅटच्या फ्रीजमध्ये लोणच्याच्या बरणीशेजारी औषधांचा डबा ठेवला होता. मग एग रिट्रीव्हल झालं, म्हणजे भूल देऊन सुईने बीजं काढली. ते डॉक्टरांनीच केलं. दोन बीजं मिळाली. एकाचाही गर्भ तयार झाला नाही. घरी आल्यावर माझं पोट फार दुखायला लागलं, तेव्हा मी राणियाला फोन केला. तिने दोनच प्रश्न विचारले आणि लगेच डॉक्टरांना फोनवर घेतलं. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

या काळात मला काही वाटत नव्हतं. लोक म्हणतात, रडून मोकळी हो. पण रडायला आधी काहीतरी वाटावं लागतं. मी वेळेवर ऑफिसला जात होते, भाज्या निवडत होते, वेटिंग रूममध्ये इतर बायकांसारखीच कुणाकडेही न बघता बसत होते. त्या कलेत आम्ही सगळ्याजणी पटाईत झालो होतो.

दुसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले, "तुमच्या बाबतीत भरपूर औषधं देऊन फायदा नाही. शरीर स्वतःहून जे एक बीज तयार करेल, ते पकडूया." यात औषधं थोडी, पण लक्ष फार ठेवावं लागतं. बीज ज्या पाण्याच्या पिशवीत वाढतं तिला फॉलिकल म्हणतात. ती योग्य मापाची झाली की एक इंजेक्शन द्यायचं आणि दीड दिवसाने बीज काढायचं. उशीर झाला तर फॉलिकल आपोआप फुटतं आणि बीज हरवतं.

आता सासूबाईंची ओळख करून देते. त्या सांगलीत असतात. रोज व्हिडिओ कॉल करतात. मनाने प्रेमळ. त्यांचा एक ठाम विश्वास आहे, की औषधापेक्षा डॉक्टरांच्या हाताला गुण असावा लागतो. त्यांच्या तरुणपणी त्यांच्या गल्लीत असे एक डॉक्टर होते म्हणे. नुसती नाडी धरली की ताप उतरायचा. मागच्या वेळची सगळी तपासणी राणियाने केली, हे कळल्यावर त्यांचा चेहराच पडला.

"अरे, एवढं परदेशात राहून सिस्टरच बघतेय होय तुम्हाला? मोठ्या डॉक्टरांचा हात लागू दे की एकदा पोरीला."

"आई, ती सिस्टर नाहीये, सीनियर आहे," नितीन म्हणाला. पण फोन ठेवल्यावर माझ्याकडे वळला. "स्नेहल, आई म्हणतेय त्यात पॉइंट आहे यार. आपण कस्टमर आहोत. मी एस्केलेट करतो." नितीन फ्रेट कंपनीत आहे. त्याच्या मते जगातली कुठलीही अडचण वरच्या माणसापर्यंत नेली की सुटते.

शुक्रवारी राणियाने सोनोग्राफी केली. फॉलिकल छान वाढलं होतं. "उद्या सकाळी या," ती म्हणाली. "मी शनिवारी ड्यूटीवर आहे. उद्या नक्की या."

नितीनने विचारलं, "डॉक्टर असतील का?"

"नाही. ते सोमवारी. पण मी त्यांच्याशी फोनवर बोलून इंजेक्शनची वेळ ठरवेन."

"मग सोमवारपर्यंत थांबूया ना. त्यांनीच एकदा नीट बघितलेलं बरं."

राणिया माझ्याकडे बघून पुन्हा म्हणाली, "उद्या या." नितीन म्हणाला, "इन्शाल्ला." इथे राहून आपण हा शब्द शिकलो, आणि नाही म्हणायचं असेल तेव्हा वापरायलाही शिकलो.

शनिवारी क्लिनिकमधून दोनदा फोन आला. नितीनने उचलून सांगितलं, की सोमवारची अपॉइंटमेंट घेतली आहे. मी समोरच चहा पीत बसले होते.

सोमवारी मोठ्या डॉक्टरांनी स्वतः तपासलं. त्यांनी प्रोब इकडून तिकडून फिरवला, मग थांबवला. "फॉलिकल फुटलंय," ते म्हणाले. "बहुतेक कालच. या महिन्यात आता काही करता येणार नाही." ते आवाज चढवून बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात बघू म्हणाले आणि हात धुतले.

हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं म्हणतात, ते हेच.

राणिया कॉरिडॉरमध्ये भेटली. तिला कळलं होतं. मी सांगितलं होतं ना, असं ती म्हणाली नाही. तिने मला आपल्या खोलीत नेऊन पाणी दिलं. नितीन दारात उभा होता, त्याला फक्त एवढंच म्हणाली, "शनिवारी मी इथेच होते."

गाडीत नितीन तीनदा सॉरी म्हणाला. मला राग यायला हवा होता. मी कोथिंबीर संपली आहे, असं त्याला सांगितलं.

तिसऱ्या वेळी सगळं राणियाने बघितलं. ती बोलावेल त्या दिवशी आम्ही गेलो, रविवारीही. नितीन तिला मॅडम म्हणायला लागला होता. एक बीज मिळालं आणि त्याचा गर्भही झाला. मग एम्ब्रियो ट्रान्सफर, म्हणजे तो गर्भ बारीक नळीने गर्भाशयात ठेवणं. ते मोठ्या डॉक्टरांच्याच हातून झालं. सासूबाईंनी सांगलीत गणपतीपुढे नारळ ठेवला.

रिपोर्टचा फोन राणियाने केला. "निगेटिव्ह आहे. मला फार वाईट वाटतंय. औषधं आजपासून बंद करा." तिने गोलगोल काही सांगितलं नाही, आणि फोनही घाईने ठेवला नाही. वाईट बातमी सांगण्यातही एक सभ्यता असते, ती मी तिच्याकडे पाहिली.

म्हणून सांगते. पहिल्याच भेटीत विचारून घ्या, की तुम्हाला रोज कोण बघणार, सुट्टीच्या दिवशी कोण असणार आणि डॉक्टरांना केव्हा बोलावलं जाणार. उत्तरं पटली तर त्या माणसावर विश्वास टाका. पाटीवरचं नाव मोठं आहे म्हणून शरीर त्याच्या ओपीडीच्या दिवसापर्यंत थांबत नाही.

शेवटच्या भेटीत डॉक्टर म्हणाले, "अजून एकदा प्रयत्न करता येईल. शक्यता कमी आहे, पण शून्य नाही." नितीनने लगेच मान डोलावली. राणिया बाजूला बसली होती. ती मला म्हणाली, "स्नेहल, तुला काय हवंय?"

हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. नितीनने नाही, मी स्वतःलाही नाही.

"मला थांबायचंय," मी म्हटलं.

नितीन माझ्याकडे वळला. मग हळूच म्हणाला, "खरंच? मला वाटत होतं, तुला थांबायचं नाहीये. मी तर तुझ्यासाठीच मान डोलावली." मी त्याचा हात धरला. डॉक्टरांनी फाइल मिटली. निघताना राणियाने मला मिठी मारली आणि म्हणाली, ट्रीटमेंट संपली तरी माझा नंबर तोच आहे.

पार्किंगमध्ये नितीनने सासूबाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. तो वाया गेलेला महिना का वाया गेला, तेवढं मात्र नाही. ते त्यांना आम्ही कधीच सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तिला दे फोन."

आता आणखी कुठले डॉक्टर, कुठला नवस हे ऐकायची मी तयारी ठेवली.

"दमलीस ना गं बाळा?" त्या म्हणाल्या.

"हो, आई. खूप दमले," मी म्हटलं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हमसून हमसून रडले.